दि. बा. पाटील वकील होते, तर प्रकल्पग्रस्तांची लढाई त्यांनी कोर्टात का लढवली नाही? आणि नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचंच नाव का हवं?

नवी मुंबईत नव्याने राहायला आलेले बरेच जण हे विचारतात. मी घणसोली गावठाणातला, आमची शेती सिडकोत (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) गेलेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दिनकर बाळू पाटील, आमच्यासाठी ‘दिबा’. जन्म 13 जानेवारी 1926, उरण तालुक्यातल्या जासईचा, शेतकऱ्याच्या घरातला. शिक्षण वकिलीचं, राजकारण शेतकरी कामगार पक्षाचं. पनवेलमधून पाच वेळा आमदार, कुलाब्यातून (म्हणजे आजच्या रायगडातून) दोनदा खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते. उतारवयात शेकाप सोडून ते शिवसेनेत गेले. लाल बावटा खांद्यावर घेऊन फिरलेल्या जुन्या माणसांना ते फार लागलं होतं. पण त्यांच्याविषयीचा आदर कमी झाला नाही.

आता कोर्टाचं. 1970 मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. तेव्हा भूसंपादनाचा कायदा होता 1894 चा. जमीन घेणार असल्याची कलम 4 ची अधिसूचना निघाली त्या दिवशीचा बाजारभाव धरायचा, असा त्याचा नियम. शिवाय कलम 24 प्रमाणे, ज्या प्रकल्पासाठी जमीन घेतली त्याच प्रकल्पामुळे भाव चढणार असेल तर ती वाढ हिशेबात घ्यायची नाही. म्हणजे खाचरावर उद्या शहर उभं राहणार हे सगळ्यांना दिसतंय, आणि शेतकऱ्याच्या हाती दर खाचराचाच. कलम 18 खाली दाद मागता यायची, मोबदला वाढूनही मिळायचा, पण वाढायची ती रक्कमच. नव्या शहरात वाटा द्यायची सोयच त्या कायद्यात नव्हती, मग न्यायाधीश तो देणार कुठून? तो धोरण बदलूनच मिळणार होता. माझ्या मते दिबांची वकिली इथे कामी आली: कोर्टाचं दार कुठपर्यंत उघडतं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

16 आणि 17 जानेवारी 1984 ला जासई परिसरात आंदोलन पेटलं. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. दरवर्षी तिथे हुतात्म्यांना अभिवादन होतं, एकदा जरूर जा. त्याच वर्षाअखेरच्या लोकसभा निवडणुकीत देशभर काँग्रेसची लाट होती, तरी कुलाब्यातून शेकापचे दिबा निवडून आले.

या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली: जितकी जमीन गेली, तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. त्यातलेही पावणेचार टक्के सार्वजनिक सुविधांसाठी कापले जातात, प्रत्यक्ष हातात पावणेनऊ, आणि ते मिळवायला वारसांना सिडकोच्या किती खेपा घालाव्या लागल्या हे गावागावात विचारा. तरी माझ्या चुलत्यांची मुलं आज स्वतःच्या इमारतीत राहतात ती याच भूखंडामुळे. नुसता वाढीव मोबदला मिळाला असता तर तो लग्नकार्यात आणि कर्ज फेडण्यात केव्हाच संपला असता.

दिबा 24 जून 2013 ला गेले. 2021 मध्ये त्याच तारखेला बेलापूरच्या सिडको भवनावर नावासाठी मोठा मोर्चा निघाला, आणि 2022 मध्ये विधिमंडळाने नामकरणाचा ठराव केला. विमानतळही याच गावांच्या जमिनीवर उभा आहे. त्यासाठी जी गावं उठली, त्यांना भरपाईत विकसित भूखंड मागता आले, ते दिबांनी आधी पाडलेल्या पायंड्यामुळे. म्हणून नाव त्यांचं हवं.