पाळी जाताना वाढलेला रक्तदाब

प्रश्न : माझे वय ४८ असून मी नाशिकला सिडकोत राहते. वर्षभरापासून पाळी अनियमित आहे, अंगातून गरम वाफा निघतात, छातीत धडधडते. दोनदा बीपी १५०/९४ भरले. मोठ्या मुलीच्या वेळी आठव्या महिन्यात ते वाढले होते, पण बाळंतपणानंतर उतरले. घरचे म्हणतात, पाळी गेली की सगळे थांबेल. हार्मोनच्या गोळ्या घेऊ का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो आठवा महिना. गरोदरपणी २० आठवड्यांनंतर ज्यांचा रक्तदाब वाढतो, त्यांना पुढे उच्च रक्तदाब आणि हृदयविकार होण्याचा धोका इतर स्त्रियांहून जास्त असतो, मग बाळंतपणानंतर तो पूर्ण उतरलेला का असेना. इतक्या वर्षांनी हे सहसा कोणी विचारत नाही, म्हणून तुम्ही आपणहून डॉक्टरांना सांगा. जुनी फाइल सापडली तर सोबत न्या.

अंडाशयात तयार होणारे इस्ट्रोजेन रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला मदत करते, त्यामुळे वाहिन्या सैल राहतात. पाळी जाताना ते घटते, वाहिन्या ताठर होऊ लागतात, खाल्लेले मीठ अधिक बाधते आणि त्यात वय व वजन यांची भर पडते. वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात. रक्तदाबाचे तसे नसते, आणि तो वाढलेला असूनही बहुधा काहीच जाणवत नाही. धडधड थायरॉइडमुळेही होऊ शकते, तेव्हा ती तपासणी आणि ईसीजी करून घ्या.

हार्मोनच्या गोळ्या हे रक्तदाबाचे औषध नव्हे. वाफा असह्य झाल्या तर स्त्रीरोगतज्ज्ञ त्यांचा विचार करतील, पण आधी रक्तदाब आटोक्यात हवा. पाळी नियमित व्हावी म्हणून कोणाच्या सांगण्यावरून गर्भनिरोधक गोळ्या मात्र आणू नका. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी काहींचा रक्तदाब वाढतो.

जिना चढून दवाखान्यात गेल्या गेल्या, ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून मोजलेला आकडा फसवा असतो. पाच मिनिटे पाठ टेकून बसा, दंड मोकळा आणि हृदयाच्या पातळीवर ठेवा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. १८०/१२० च्या पुढे आकडा आणि सोबत छातीत दुखणे, धाप किंवा बोबडी वळणे असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत हवे, आणि पापड, कुरडई, लोणचे यांतले मीठही त्यातच मोजायचे.

मुलीलाही तुमच्या आठव्या महिन्याची हकीकत सांगून ठेवा. आईला हा त्रास झालेला असेल तर मुलीलाही गरोदरपणी तो होण्याची शक्यता वाढते, म्हणून तिने पहिल्याच तपासणीला ही माहिती द्यायला हवी.