न्यूझीलंडमध्ये स्वतः गाडी चालवायची आणि जंगलात ट्रेकही करायचा, तर एका दिवसात किती बसेल?

तुम्ही तुमचा बेत लिहिलाय : दक्षिण बेटावरच्या टे अनाऊ गावाहून सकाळी निघायचं, वाटेत दोन ट्रेक, मिलफर्ड साउंड या डोंगरांत शिरलेल्या खाडीत बोट, रात्री परत. यातला एक ट्रेक आत्ताच काढून टाका.

अंतर साधारण 120 किलोमीटर. मी सोलापूरचा, त्यामुळे डोक्यात हिशोब पुणे रोडचा : म्हणजे इंदापूरच्या आसपास, आरामात दीड-पावणेदोन तास. मिलफर्डच्या रस्त्यावर न थांबता दोन तास लागतात, आणि न थांबता जाणं होत नाही. वळणं आहेत, मधे एकपदरी पूल आहेत. आपल्याकडे जो आधी घुसेल त्याचा पूल. तिथे पाटीवर आपल्या बाजूचा बाण छोटा आणि लाल असेल तर गुपचूप थांबायचं. बाकी गाडी डावीकडूनच चालते, लायसन्स इंग्रजीत असेल तर तेच चालतं. ऑटोमॅटिक गाडीत माझा डावा पाय मात्र दिवसभर क्लच शोधत होता.

आम्ही वाटेतल्या 'द डिव्हाइड' खिंडीत गाडी लावून 'की समिट'चा ट्रेक केला. जाऊन-येऊन तीन तासांचा म्हणतात, आम्हाला चार लागले. दोष जंगलाचा. आमच्याकडे अभयारण्य म्हणजे नान्नजचा माळ, माळढोकासाठी राखलेलं गवत. सावली हवी तर बाभूळ शोधा. इथे बीच (beech) नावाच्या झाडांच्या बुंध्यापासून फांद्यांपर्यंत शेवाळ, हात लावला की पाणी निथळतं. सोलापुरात वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस झाला तरी शेतकरी खूश. मिलफर्डला सहा हजारांहून जास्त पडतो. बायको सुरुवातीला प्रत्येक पाऊल बघून टाकत होती. या देशात साप नाहीत हे तिला पटायला अर्धा तास गेला. झाडी संपली की वर दलदल आणि डबकी, त्यावरून लाकडी फळ्यांची वाट. तिथे बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली.

हो, चटणी नेता आली, पण विमानतळाच्या फॉर्मवर लिहून. तपासणाऱ्याने डबा उघडून पाहिला नि सोडला. तुमचं सुटेलच असं नाही, तरी लपवू नका, दंड जबर आहे. बुटांचंही तेच. तळाला आपली काळी माती चिकटलेली असेल तर घरूनच घासून न्या.

पुढे होमर बोगदा, सव्वा किलोमीटरचा, 1954 साली खुला झालेला. आत कातळ तसाच उघडा आणि रस्ता मिलफर्डकडे सरळ उताराचा. तोंडाशी सिग्नलला थांबलात तर किआ पोपट येतील आणि वायपरचं रबर ओढतील. गंमत वाटते, पण खायला देऊ नका.

पेट्रोल टे अनाऊतच भरा, नकाशा फोनवर उतरवून ठेवा, कारण पुढे रेंज जाते. बोट दुपारी तीनच्या सुमाराची घ्या. आम्ही एकची घेतली होती, की समिटचा शेवटचा उतार धावतच उतरलो.