सामाजिक अंतर, शारीरिक अंतर की चार हात?

नाशिकच्या पंचवटीतल्या एक शिक्षिका विचारतात: साथरोगांविषयी मुलं फलक रंगवत आहेत. त्यावर 'सामाजिक अंतर राखा' लिहावं की 'शारीरिक अंतर'? कोविडच्या काळात दोन्ही वाचनात आलं होतं.

'सामाजिक अंतर' अजिबात लिहू नका. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच तो शब्द बाजूला सारून 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली. विषाणू टाळायला शरीरं लांब हवीत. फोन, चौकशी, मदत थांबायला नको, हे त्यामागचं कारण.

आपल्याकडे कारण त्याहून मोठं आहे. समाजशास्त्रात 'सामाजिक अंतर' म्हणजे कोणत्या गटातला माणूस आपल्याला शेजारी म्हणून, सोयरा म्हणून चालेल याचं माप. एमरी बोगार्डस यांनी १९२० च्या दशकात त्याची मोजपट्टीच तयार केली. आणि तुमच्याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तो हेच अंतर मोडण्यासाठी. तिथल्या मुलांच्या हातून 'सामाजिक अंतर राखा' लिहिलं जावं, हे मला सहन होत नाही.

'शारीरिक अंतर' अर्थाला बिनचूक, पण कानाला अवघड. 'सुरक्षित अंतर' त्यापेक्षा बरं. मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रकांच्या मागे वाचून वाचून ते नाशिककरांच्या ओळखीचंही आहे. पण अंतर किती, हे त्यातून कळत नाही.

मराठीत तर माप तयारच आहे. एक हात म्हणजे दीड फूट, चार हात म्हणजे सहा फूट. केंद्र सरकारचं 'दो गज' बरोबर तेवढंच भरतं. (आरोग्य संघटनेने सांगितलेलं किमान एक मीटर म्हणजे दोन हातांहून थोडं जास्त.) अडचण एकच: 'त्याच्यापासून चार हात लांब राहा' म्हटलं की त्या माणसाविषयी संशय येतो. 'एकमेकांपासून' हा शब्द घातला की तो जातो, कारण मग सूचना दोघांनाही सारखीच लागू होते. म्हणून फलकावर लिहा: 'एकमेकांपासून चार हात अंतर राखा.'

'राखा'ऐवजी 'ठेवा' चालेल, 'द्या' मात्र नको. मराठीत 'अंतर देणं' म्हणजे एखाद्याला वाऱ्यावर सोडणं. फलकावर जागा उरली तर खाली दुसरी ओळ जरूर घ्या: 'आजाऱ्याला अंतर देऊ नका.'