गॉगल लावून ड्रोन उडवणारा मुलगा आणि साठ हजारांचा कोर्स

सांगली जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा अकरावी सायन्सला, पीसीएम गट, वय सोळा, चष्म्याचा नंबर उणे अडीच. गेलं दीड वर्ष तो डोळ्यांवर ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा गॉगल लावून ड्रोन उडवतो. सुटे भाग मागवून पाच इंची (म्हणजे पाच इंचांच्या पंख्यांचा) ड्रोन त्याने स्वतः जोडला. तो उसात पडला आणि आतलं काहीतरी जळलं. एक बॅटरी कपाटात फुगलेली सापडली. आता मुलगा म्हणतो, सीईटीचा क्लास नको, एका संस्थेत साठ हजार भरून ड्रोन पायलटचा कोर्स करतो. शिवाय डिजिटल गॉगल हवेत. वडील म्हणतात, सगळं विकून टाक. आईचा प्रश्न असा की यात खरंच करिअर आहे का, आणि कुणाचं ऐकायचं?

ताई, सप्रेम नमस्कार.

साठ हजार आत्ता भरू नका आणि सामानही विकू नका. रिमोट पायलट सर्टिफिकेट, म्हणजे ड्रोन चालवण्याचा अधिकृत दाखला, वयाच्या अठराव्या वर्षाआधी मिळतच नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे वय १८ ते ६५, दहावी पास आणि डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थेतलं प्रशिक्षण, एवढ्या अटी आहेत. सोळा वर्षांच्या मुलाला कुणी आज ‘प्रवेश निश्चित करा’ म्हणत असेल, तर सर्टिफिकेट कोणत्या तारखेला मिळेल हे लेखी मागा. ‘स्मॉल’ म्हणजे लहान वजनगटातल्या ड्रोनचं प्रशिक्षण साधारण पाच दिवसांचं असतं. त्यात नियम, थोडी थिअरी, सिम्युलेटर आणि प्रत्यक्ष उड्डाण येतं. सर्टिफिकेट दहा वर्षं चालतं. म्हणजे बारावीनंतरच्या सुट्टीतल्या एका आठवड्याचं हे काम आहे, त्यासाठी आज क्लास सोडण्याचं काहीच कारण नाही.

आता त्या सर्टिफिकेटवर मिळणारं काम पाहा. जमीन मोजणी, खाणींचा सर्व्हे, वीजवाहिन्यांची तपासणी, शेतातली फवारणी. स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली, नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटांच्या महिला फवारणीचे ड्रोन चालवतात. ही कामं खरी आहेत आणि वाढत आहेत. पण त्यांत ड्रोन ठरवून दिलेल्या रेषेवर आपोआप उडतो. चालवणाऱ्याने आखणी, बॅटरीचा हिशेब, वारा आणि सुरक्षितता सांभाळायची असते. तुमच्या मुलाचं कौशल्य वेगळं आहे. तो अ‍ॅक्रो मोडमध्ये उडवतो, म्हणजे स्टिक सोडली तरी ड्रोन आपणहून सरळ होत नाही, प्रत्येक क्षणी हातानेच सावरावा लागतो. हे फार अवघड आहे आणि त्याला आलंय, याचं कौतुक घरात व्हायला हवं. मात्र सर्व्हेच्या नोकरीत या कसबाला वेगळे पैसे मिळत नाहीत, हेही त्याला स्पष्ट सांगायला हवं.

ते कसब लागतं चित्रीकरणात. कारखान्याच्या शेडमधून, हॉटेलच्या दारातून थेट गच्चीपर्यंत एका दमात घेतलेले शॉट, जाहिराती, लग्नं. यात उत्पन्न आहे, पण काम मोसमी आणि ओळखीवर चालणारं. मुंबई-पुण्याबाहेर फक्त त्यावर घर चालवणारे थोडे. आणि पैसे घेऊन उडवायचं तर सर्टिफिकेट लागतं. नियमांतली सूट आहे ती २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला आणि दोन किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनच्या बिनव्यावसायिक वापराला. शर्यतींचं म्हणाल तर २०१८ साली चीनमधल्या शेन्झेनला एफएआय या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाची पहिली जागतिक ड्रोन शर्यत झाली, ती ऑस्ट्रेलियाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने जिंकली. वय आड येत नाही, हे खरं. पण भारतात शर्यतींवर पोट भरावं अशी आज स्थिती नाही.

मग त्याच्याकडे मोलाचं काय आहे? त्याने ड्रोन जोडला, हे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. त्यामुळे इथे बनवणाऱ्या, जुळवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसांची गरज निर्माण झाली. आयआयटी मुंबईच्या मुलांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या आयडियाफोर्जसारख्या कंपन्यांना उडवणारे लागतातच, पण त्याहून जास्त गरज असते ती ड्रोन का पडला हे शोधून काढणाऱ्यांची. तुमच्या मुलाचा ड्रोन पडलेला आहे. तिथूनच सुरुवात करूया.

उसात पडल्यावर काय जळलं, हे त्याला विचारा. बहुतेक वेळा ईएससी जळतो, मोटरला वीज पुरवणारा बोर्ड. पाचट पंख्यांना गुंडाळतं, मोटर अडते, आणि फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचा तोल सांभाळणारा बोर्ड, मात्र ड्रोन सरळ करायला आणखी जोर लावत राहतो. अडलेल्या मोटरमधून प्रचंड करंट जातो आणि ईएससीवरचे मॉसफेट (वीज चालू-बंद करणारे छोटे भाग) उडतात. म्हणून पडताक्षणी आधी डिसआर्मचा, म्हणजे मोटर बंद करायचा स्विच, बाकी सगळं नंतर. उसात टर्टल मोड लावून उलटा ड्रोन सुलटा करू पाहणं हा ईएससी जाळायचा हमखास मार्ग. तुमच्या भागात ऊस टाळता येणार नाही, तेव्हा स्वतःची छोटी बॅटरी असलेला बझर बसवायला सांगा. मुख्य बॅटरी निसटून पडली तरी तो वाजत राहतो. गॉगलमधलं रेकॉर्डिंग शेवटच्या दृश्यापर्यंत बघितलं की कोणत्या सरीत शोधायचं तेही कळतं.

दुसरा प्रश्न मोटरचा विचारा. केव्ही म्हणजे एका व्होल्टला, भार नसताना, मिनिटाला किती फेरे. २४०० केव्हीच्या मोटरला चार सेलची, पूर्ण भरल्यावर १६.८ व्होल्टची बॅटरी लावली तर गुणाकार चाळीस हजारांच्या आसपास येतो. सहा सेलला, २५.२ व्होल्टवर, १७५० केव्ही घेतली तर चव्वेचाळीस हजार. पण २४०० केव्हीला सहा सेल जोडली की साठ हजारांवर जातो, आणि मोटर, ईएससी दोन्ही तापून जातात. त्याने हा हिशेब करून भाग घेतले होते, की व्हिडिओत बघून? सहा सेलच्या ड्रोनवर बॅटरीच्या तारांपाशी ३५ व्होल्ट, १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर डाखला आहे का? नसेल तर मोटरचा वेग एकदम कमी होताना उठणारे व्होल्टेजचे झटके आधी गॉगलमधल्या चित्रात रेघा म्हणून दिसतात, पुढे बोर्ड घेऊन जातात.

बॅटरीबद्दल मी तुमच्या यजमानांच्या काळजीशी पूर्ण सहमत आहे. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीची आग पाण्याच्या तांब्याने विझत नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही. बाहेर मोकळ्यावर छोट्या बल्बवर पूर्ण उतरवून ई-कचऱ्यात द्यायची. ती फुगली कारण बहुधा एकतर पूर्ण भरून उन्हाळ्यात कपाटात पडून राहिली, किंवा उडताना फार खाली ओढली गेली. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. ३.५ ला उतरायचं आणि ठेवताना ३.८ वर ठेवायची. सहा सेलचे हेच आकडे २५.२, २१ आणि २२.८. चार्जरला ‘स्टोरेज’ असा पर्याय असतो, उड्डाण रद्द झालं की त्याच संध्याकाळी तो लावायचा. १३०० एमएएचची बॅटरी १.३ अँपियरवरच चार्ज करायची. ती फरशीवर, पडदे आणि गादीपासून दूर, कोरड्या वाळूची बादली शेजारी, आणि माणूस समोर हजर. ही शिस्त तो महिनाभर न सांगता पाळत असेल, तर वडिलांना दाखवायला तेवढा पुरावा पुरे.

आणखी एक चाचणी तुमच्यासमोर करून घ्या. चारही पंखे काढून, ड्रोन टेबलावर घट्ट धरून ठेवून तो आर्म करायचा (मोटर चालू करायच्या), थ्रॉटल जरा वर घ्यायचा आणि रेडिओ, म्हणजे हातातला रिमोट, बंद करायचा. दोन-तीन सेकंदांत मोटर थांबल्या पाहिजेत. थांबल्या नाहीत तर फेलसेफ (संपर्क तुटल्यावर काय करायचं याची ड्रोनमधली सोय) चुकीचा आहे, आणि तोवर ड्रोन घराबाहेर न्यायचा नाही. पाऊण किलोचं यंत्र ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने जातं, त्यामुळे ही अट सैल करू नका.

आता अभ्यास. पीसीएम सोडू देऊ नका आणि सीईटीही. बारावीच्या भौतिकशास्त्राचा पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्स. बॅटरी फ्रेमच्या मध्यावर घट्ट बांधली की ड्रोन चटकन का वळतो आणि टोकाला सरकली की सुस्त का होतो, याचं उत्तर त्यातल्या मोमेंट ऑफ इनर्शियात आहे. अकरावीच्या विद्युतचुंबकीय लहरी म्हणजे त्याचा अँटेना. गॉगलवर उजव्या फिरकीचा आणि ड्रोनवर डाव्या फिरकीचा अँटेना लावला तर चित्र थोड्याच अंतरावर का फाटतं, हे ध्रुवीकरण (लहरीच्या कंपनाची दिशा) समजल्यावर कळतं. शिक्षकांना असे प्रश्न विचारायला त्याला सांगा.

शाखेबाबत माझं मत ठाम आहे. पदवीच्या नावात ‘ड्रोन’ शब्द आहे म्हणून तिकडे जाऊ नये. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रिकल पहिल्या पसंतीचं. रचनेत, पंखांच्या आकारात रस असेल तर एरोनॉटिकल किंवा मेकॅनिकल. कंट्रोल, रेडिओ आणि एम्बेडेड प्रोग्रॅमिंग आलं की तो गाड्यांच्या, वैद्यकीय उपकरणांच्या, संरक्षणाच्या कुठल्याही कंपनीत चालतो. झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं की कॅमेरा आणि संगणक बसवलेला स्वयंचलित ड्रोन शर्यतीतल्या विजेत्या पायलटांनाही हरवू शकतो. हे समजलं की कोणत्या बाजूला उभं राहायचं, ते मुलाला स्वतःलाच कळेल. सीईटीत गुण कमी पडले तरी बारावी सायन्सनंतर पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. हाताच्या कामाची ओढ जास्त असेल तर आयटीआयच्या ड्रोन टेक्निशियन ट्रेडचीही चौकशी करा. कॉलेजात गेल्यावर एसएईइंडियाच्या एअरोथॉनसारख्या स्पर्धेच्या संघात शिरायचं.

पुढचं दीड वर्ष छंदाला आठवड्याचे चार तास ठरवून द्या, त्याहून जास्त नको. रोजची वीस मिनिटं लिफ्टऑफ किंवा वेलोसिड्रोनसारख्या सिम्युलेटरवर, खरा रेडिओ लॅपटॉपला जोडून. घरात उडवायला ६५ मिलिमीटरचा एका सेलचा टायनी व्हूप (अगदी छोटा ड्रोन) घ्या. तीसेक ग्रॅम वजन, पंख्यांभोवती कडं, पंखा गेला तर पन्नास-शंभर रुपयांचं काम. पाच इंची महिन्यातून एकदा पुरे. उरलेला वेळ ड्रोनमधल्या बेटाफ्लाइट या सॉफ्टवेअरच्या ब्लॅकबॉक्स (उड्डाणाच्या) नोंदी वाचण्यात जावा. जायरोचा, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा, आलेख थरथरतो तेव्हा कोणता स्क्रू ढिला होता, कोणता पंखा वाकला होता, हे वहीत तारखेसह लिहायचं. त्यानंतर आर्डूपायलट, म्हणजे कंपन्या आणि संशोधन संस्था वापरतात ते मोफत सॉफ्टवेअर. त्याचं सिम्युलेशन साध्या लॅपटॉपवर चालतं, विमान लागत नाही. ही वही आणि त्यातले आलेख मुलाखतीत पाच दिवसांच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलतात.

नियमांचंही घरातच ठरवून टाका. नियमांत ‘मॉडेल’ ड्रोन म्हणून सूट मिळते ती शिक्षण वा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या ड्रोनला. गॉगल लावलेल्या माणसाची नजर ड्रोनवर नसते, म्हणून शेजारी उघड्या डोळ्यांनी ड्रोनकडे बघत राहणारा एक साथीदार हवाच. वडील ते काम करू शकतात, आणि विरोध असलेल्या वडिलांसाठी याहून चांगली जागा मला सुचत नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशात जागा हिरवी आहे का ते दर वेळी पाहायचं. हिरव्यातही उंची ४०० फुटांपर्यंतच, आणि विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट. ड्रोनची नोंदणी करून यूआयएन, म्हणजे ड्रोनचा ओळख क्रमांक, घ्यायचा. पाच इंची नॅनोत बसत नाही, त्यामुळे थर्ड पार्टी विम्याचीही चौकशी करा. रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा घ्या. ९१५ मेगाहर्ट्झचे सेट इथे नकोत, आपल्याकडे त्या बाजूचा परवानामुक्त पट्टा ८६५ ते ८६८ चा आहे.

राहिले गॉगल. डिजिटल चित्र सुरेख असतं, पण प्रत्येक ड्रोनवर त्याच पद्धतीचा महागडा ट्रान्समीटर लागतो, आणि तो उसात हरवला की तुमचे बरेच पैसे तिथेच राहतात. बारावी होईपर्यंत अ‍ॅनालॉगच (जुन्या, स्वस्त पद्धतीचे गॉगल) चालू द्या. उणे अडीच नंबर असताना लहान गॉगलमध्ये काहीही धूसर दिसेल. घेताना डायऑप्टर (भिंगाचा नंबर) फिरवायची सोय आहे का, किंवा नंबरची भिंग बसतात का, हे विचारा. नाहीतर चष्म्यावरून लावता येणारा पेटीसारखा गॉगल घ्या. उन्हात तो काचा वर करून ठेवू नये. भिंगातून सूर्य आत शिरला की पडद्यावर कायमचा डाग पडतो. डिजिटलचा विषय सीईटीचा निकाल लागल्यावर काढा, आणि तेव्हा त्या वहीतल्या नोंदी समोर ठेवून त्यालाच किंमत पटवून द्यायला सांगा.