हवाईला जाताय? स्टील गिटार जवळून ऐका

पहिल्यांदाच जातोयस ना, मग एक संध्याकाळ ओआहू बेटावरच्या वायकीकीत हालेकुलानी हॉटेलात समुद्राकाठी काढच, सूर्य मावळायच्या तासभर आधी जाऊन बस म्हणजे पुढची जागा मिळेल, आणि आज स्टील गिटार आहे का ते आधी फोन करून विचार. वादकाच्या डाव्या हाताकडे बघ. पोलादी बार तारांवर नुसता टेकलेला असतो, दाबत नाहीत, तो सरकला की सूर आपल्या मींडेसारखा, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत वाहतो, माझ्या तर अजून अंगावर काटा येतो. वाद्य ओआहूच्याच जोसेफ केकुकूचं, १८८९ च्या सुमाराचं. गिटारवादक व्हॅन शिप्ले हिंदी गाण्यांच्या धून वाजवायचे ना, ती हीच हवाईयन गिटार! गाणं चालू असताना गप्पा मारू नकोस, आणि टिप नक्की ठेव.