तिसरं पान कुठे आहे, काकाजी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून ६७ वर्षांच्या काकाजींचं पत्र आलं आहे. सहा एकर कोरडवाहू वावर. २०१९ मध्ये एकुलत्या मुलाची सोयरीक जुळवताना मुलीकडच्यांनी "पोराच्या नावाचा सातबारा दाखवा" म्हटलं, म्हणून तीन एकरांचं बक्षीसपत्र मुलाला करून दिलं. लग्न झालं, नातू झाला, मुलाची दारू मात्र वाढत गेली. गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवडाभर आधी त्यानं बैलजोडी विकली. पोळ्याला काकूंनी शेजाऱ्याच्या बैलांना पुरणाचा नैवेद्य दाखवला. आता तो उरलेले तीन एकर मागतो आहे. काकाजींनी 'मुलाशी आमचा संबंध राहिलेला नाही' अशी जाहीर सूचना पेपरात दिली आणि मला विचारतात, "याच्यानं काम भागन काय? पोरगा आपलाच हाय, त्याले टाकून कसं देता येईन? पन वावर त्याच्या हाती राहिलं तं तो मरन."

काकाजी, अशी पत्रं मला दर महिन्याला येतात. दारूनं घराचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, म्हणून सरळ कागदावर येते.

त्या सूचनेनं काम भागत नाही. सज्ञान मुलाच्या उधारीला बाप तसाही जबाबदार नसतो, जामीनदार म्हणून तुमची सही नसली म्हणजे झालं. आणि पेपरात काहीही छापलं तरी तो तुमचा वारस राहतोच.

तुम्ही बक्षीसपत्राचे फोटो पाठवलेत: पहिलं पान, दुसरं आणि चौथं. दुसऱ्या पानावर तुमच्या अंगठ्याची सावली पडली आहे आणि शेवटची ओळ अशी तुटली आहे: 'लिहून घेणार यांचेवर नैसर्गिक प्रेम व माया असल्याने, सदर मिळकत कोणताही मोबदला न घेता…' पुढचं तिसऱ्या पानावर आहे आणि तुमचं सगळं प्रकरण त्याच पानावर उभं आहे. २०१९ मध्ये सही केलीत आणि कागद आज पहिल्यांदा उघडून बघताय, तोही अर्धा. मला याचा राग येतो, कारण हेच मी फार घरांत पाहिलं आहे.

ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे. त्याचं कलम २३ असं सांगतं: ज्येष्ठ नागरिकानं आपली मिळकत 'माझ्या मूलभूत गरजा भागवशील' या अटीवर दिली आणि घेणाऱ्यानं त्या भागवल्या नाहीत, तर ते देणं फसवणुकीनं किंवा दबावानं झालं असं मानून रद्द करता येतं. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे एसडीओ साहेबांच्या न्यायाधिकरणात करायचा. दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला नकोत. पण अट असली पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की आईबाप पुष्कळदा कसलीही अपेक्षा न ठेवता, नुसत्या मायेपोटी देतात, म्हणून सांभाळायची अट होती हे अर्जदारानं दाखवावं लागतं. तुमच्या दुसऱ्या पानावरची 'प्रेम व माया' एकटीच असेल तर ती तुमच्याच विरोधात वाचली जाईल. जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित प्रकरणात मात्र मुलानं त्याच दिवशी आईला वेगळं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. ते धरून न्यायालयानं बक्षीसपत्र रद्द केलं आणि हा कायदा म्हाताऱ्यांच्या बाजूनं उदारपणे वाचा, असंही सांगितलं.

म्हणून तिसऱ्या पानावर 'लिहून घेणार यांनी लिहून देणार व त्यांच्या पत्नीचा आजन्म सांभाळ व औषधपाणी करावे' असं एक वाक्य आहे का, ते पाहा. तिथे नसेल, तर सोयरिकीच्या वेळी साध्या कागदावर, पंचांसमोर मुलानं काही लिहून दिलं होतं का? ट्रंक उघडा, काकूंना विचारा.

दोन्ही ठिकाणी काही नसेल तर वाट अवघड आहे. स्वीकारलेलं बक्षीस मनात आलं म्हणून परत घेता येत नाही, आणि तलाठ्याकडे कितीही चकरा मारल्या तरी तो फेरफार उलटवू शकत नाही. दिवाणी कोर्टात कागद रद्द करून मागायची मुदत, फसवणूक वा दबाव कळल्यापासून तीन वर्षं, बहुधा उलटून गेली आहे. ती उलटली नसती तरी तालुक्याच्या कोर्टात तारखांवर तारखा घेत तुम्ही पंचाहत्तरीला पोचला असता. वावर वडिलोपार्जित असेल तर गोष्ट वेगळी, तिथे तुमच्या लेकींचेही हक्क येतात. त्यावर जुने फेरफार बघितल्याशिवाय मी बोलणार नाही. अट नसली तरी मुलाकडून चरितार्थ मागायचा हक्क राहतो, महिना १०,००० रुपयांपर्यंत. दारूत बुडालेला मुलगा तो देईल का, हे तुम्हीच जाणता.

उरलेले तीन एकर कोणाच्याही दबावानं लिहून देऊ नका. तुमच्या स्वकष्टार्जित हिश्शाचं मृत्युपत्र करा: दोन साक्षीदार पुरे, मुद्रांक लागत नाही, मन बदललं तर तेही बदलता येतं. त्यात सून आणि नातू यांची नावं घाला. तुमच्या पत्रात सुनेचा उल्लेख एकाच ओळीत आहे, ते मला खटकलं. मुलाला घराबाहेर काढायचा अर्ज केलात तरी त्याच आदेशानं तिला काढता येईल असं धरू नका. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एस. वनिता प्रकरणात सांगितलं की सुनेचा सामायिक घरात राहण्याचा हक्क या कायद्याच्या आडून मोडता येत नाही. आणि खरं सांगू, त्या घरात तुमच्या बाजूनं उभं राहू शकेल असं तेच एक माणूस आहे.

आता 'टाकून कसं देता येईन' याबद्दल. तुम्हाला टाकायला कोणी सांगत नाही. १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या, दारूच्या आजारात सापडलेल्यांच्या घरच्यांसाठीच्या अल-अ‍ॅनॉनच्या सभांमध्ये हेच शिकवतात: माया ठेवायची, पण त्याच्या दारूचं ओझं आपल्या अंगावर घ्यायचं नाही. ताटात भाकर वाढा. हातात पैसे देऊ नका, दारूवाल्याची उधारी भरू नका, त्याच्या पीककर्जाला सही करू नका. तो "दवाखान्यात चला" म्हणेल त्या दिवशी कापूस वेचायचा राहिला तरी सोबत जा, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. व्यसनमुक्तीची सरकारी मोफत मदत १४४४६ वर मिळते. मात्र गाडी पाठवून चौघे पोराला उचलून नेतात, अशा केंद्रांच्या नादी लागू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात. त्याच्या मर्जीविरुद्ध भरती फक्त नोंदणीकृत ठिकाणी, डॉक्टरांच्या तपासणीनंतर आणि ठरावीक मुदतीपुरतीच होते. त्यानं हात उगारला तर मात्र ११२ लावायला कचरू नका. काकूंनाही कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मुलाविरुद्ध संरक्षण मागता येतं.

सगळ्यात मोठी भीती उशिराची आहे. त्यानं ते तीन एकर विकले तर मधे खरेदीदार येईल आणि गुंता दुप्पट होईल. दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन बक्षीसपत्राची संपूर्ण प्रमाणित नक्कल काढा. सूची दोनचा उतारा चालणार नाही, त्यात अटी नसतात. अट सापडली तर त्याच आठवड्यात एसडीओंकडे अर्ज टाका आणि निकालापर्यंत विक्रीला मनाई मागा, मिळेलच असं नाही, पण मागा. जाहीर सूचना द्यायची ती त्यानंतर, त्या गट नंबराबद्दल द्या, मुलाबद्दल नको.

नक्कल मिळाली की मला फक्त तिसरं पान पाठवा. मूळ कागद मुलाकडे मागायला जाऊ नका.