स्पीड टेस्ट पूर्ण स्पीड दाखवते, तरी संध्याकाळी व्हिडिओ कॉल अडकतो. दोष राउटरचा की कंपनीचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की घर नागपुरात मानेवाड्याकडे फ्लॅट स्कीममध्ये आहे, फायबर घरापर्यंत आलंय, लॅपटॉप वायफायवर असतो आणि त्रास फक्त संध्याकाळी होतो. कंपनीचा माणूस येतो, मोबाइलवर स्पीड टेस्ट करतो, 'आमच्याकडून ओके आहे' म्हणतो आणि जातो.

तो खोटं बोलत नाही. स्पीड टेस्ट थोड्या वेळात जास्तीत जास्त किती डेटा ओढता येतो एवढंच मोजते. व्हिडिओ कॉलला डेटा तसा कमीच लागतो, पण तो सतत आणि वेळेवर लागतो. मधे अर्धा सेकंद सगळं थांबलं तर स्पीड टेस्टच्या सरासरीत ते दिसतही नाही. इकडे मीटिंगमध्ये मात्र तुमचा चेहरा गोठलेला असतो. म्हणून स्पीड टेस्ट बाजूला ठेवा आणि पिंग लावा, म्हणजे समोरच्या यंत्राला छोटासा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. त्यासाठी काही डाउनलोड करायचं नाही. १९८३ साली माइक मूस यांनी लिहिलेली ही छोटीशी युक्ती आज विंडोज, लिनक्स, मॅक सगळ्यांत आयती असते.

माझं काम छोट्या ऑफिसांची आणि क्लासेसची नेटवर्कं सांभाळण्याचं. तिथे मी पहिल्यांदा हेच करतो: एकाच वेळी दोन पिंग चालू ठेवतो, एक घरातल्या राउटरला, एक बाहेर.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग टाइप करा (कमांड आणि आकडे अर्थातच इंग्रजीत). 'डिफॉल्ट गेटवे'समोर १९२.१६८.१.१ किंवा तसलाच पत्ता दिसेल. तो तुमचा राउटर. तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही, आधी तेवढं निस्तरा. आता दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग, राउटरचा पत्ता आणि शेवटी डॅश टी. दुसरीत तेच, फक्त पत्ता ८.८.८.८. डॅश टी लावल्यामुळे पिंग थांबत नाही. कंट्रोल आणि सी दाबलं की थांबून खाली हिशेब देतो; त्यातला 'लॉस' म्हणजे किती टक्के पिंगना उत्तर आलंच नाही. मुख्य म्हणजे हे त्रास चालू असताना करायचं. सकाळी दहा वाजता घेतलेल्या चांगल्या आकड्यांचा काही उपयोग नाही.

आता आकडे कसे वाचायचे. वायफायवरून राउटरचं उत्तर साधारण २ ते १० मिलिसेकंदांत यायला हवं. ८.८.८.८ हा गुगलचा पत्ता. त्याचं एकच मशीन नाही, जवळ पडेल ते केंद्र उत्तर देतं. नागपुरातून ते बहुतेकदा मुंबई किंवा दुसरं एखादं मोठं शहर असतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. केबल तितकी सरळ गेली असं धरलं, तरी मुंबईला जाऊन परत यायला ७ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात वाट वळणाची असते, मधे यंत्रं असतात, म्हणून १५ ते ३५ आले तर गडी निरोगी समजा. आकडा थोडा मोठा असला तरी चालतं. तो उड्या मारत असेल, २२, २४, ३१०, २३, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' (म्हणजे उत्तरच आलं नाही), पुन्हा २५, तर कॉल अडकणारच.

उड्या दोन्ही खिडक्यांत एकाच वेळी दिसल्या तर कंपनीला फोन करू नका, दोष घरातच आहे. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय इथेच आहे. संध्याकाळी स्कीममधल्या सगळ्यांची वायफाय एकदम कामाला लागतात, आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात कुलर. राउटर हॉलमध्ये, लॅपटॉप बेडरूममध्ये आणि मधे पत्र्याचा, पाण्याने भरलेला कुलर, म्हणजे वायफायला याहून वाईट अडथळा सापडणार नाही बाप्पा. पत्रा सिग्नल परतवतो आणि पाणी तो शोषतं. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घ्या, राउटर उंचावर हलवा. पण त्याआधी लॅन केबलने लॅपटॉप थेट राउटरला जोडून तीच दोन पिंग पुन्हा लावा. केबलवर राउटरचं उत्तर १ मिलिसेकंदाच्या आसपास स्थिर आलं आणि त्रासही गेला, तर निकाल लागला.

केबलवर राउटर शांत पण बाहेरचा पिंग उड्या मारतोय, तर लगेच कंपनीवर खापर फोडू नका, एक चाचणी बाकी आहे. पिंग चालू ठेवून घरातल्या सगळ्या मोबाइलचं वायफाय बंद करा. संध्याकाळी माणसं घरी येतात, मोबाइल वायफाय पकडतात आणि दिवसभराचे फोटो गुपचूप अपलोड होऊ लागतात. अपलोड तुंबला की बाकीची पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) राउटरमध्ये रांगेत उभी राहतात आणि २५ चा पिंग ४०० वर जातो. मोबाइल बंद करताच आकडा खाली आला तर फोटोंचा बॅकअप रात्री उशिरावर ढकला, किंवा राउटरमध्ये क्यूओएसची (कोणत्या कामाला किती वाट द्यायची ते ठरवण्याची) सोय असेल तर अपलोडला मर्यादा घाला.

तरीही उड्या राहिल्या, तर मात्र दोष बाहेरचा. आता ट्रेसर्ट आणि ८.८.८.८ टाइप करा. वाटेतले टप्पे एकाखाली एक दिसतील. इथे बरेच लोक फसतात: चौथ्या ओळीत तारे दिसले की तिथेच बिघाड आहे, असं ठरवून मोकळे होतात. मधले राउटर पुढे पाठवायचं काम आधी करतात, अशा चौकशांना उत्तर देणं त्यांच्यासाठी दुय्यम. काही तर अजिबात देत नाहीत. चौथ्या टप्प्यावर तारे आणि शेवटच्या टप्प्यावर व्यवस्थित २५, तर चौथ्याचं काहीही बिघडलेलं नाही. खरा बिघाड एका टप्प्यावर सुरू होतो आणि पुढच्या सगळ्या टप्प्यांवर तसाच राहतो. असा टप्पा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच दिसला, तर गोंधळ बहुधा तुमच्या कंपनीच्याच जाळ्यात आहे.

८.८.८.८ चा पिंग उत्तम आणि साइट मात्र नावाने उघडत नाही, असं असेल तर तो डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा मामला. एनएसलुकअप आणि साइटचं नाव टाकून पाहा. उत्तर अडकत असेल तर राउटरमध्ये डीएनएस बदला. तुमच्या त्रासात ही शक्यता मला कमी वाटते. आणि फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असेल तर पिंग-बिंग काही करू नका, प्रकाशच येत नाहीये. लाल दिवा नाही पण नेट रडतंय, तर डब्याच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर (आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये) बघा. उणे २० च्या आसपास चांगलं. उणे २७ च्याही खाली असेल तर वायर कपाटामागे दुमडली आहे का ते पाहा, नाहीतर जोड तपासायला माणूस बोलवा.

कंपनीला कळवताना 'नेट स्लो आहे' म्हणू नका, त्यावर स्पीड टेस्टवालाच येईल. असं लिहा: 'लॅपटॉप केबलने जोडलेला, बाकी सगळी उपकरणं बंद, रात्री ८ ते ९ राउटरचा पिंग १ मिलिसेकंद आणि लॉस शून्य, ८.८.८.८ ला लॉस इतके टक्के', सोबत दोन्ही खिडक्यांचा स्क्रीनशॉट. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जाता येतं. ट्राय (दूरसंचार नियामक) एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे वेळ घालवू नका.